ऑनलाइन पोकर : पत्ते पिसणारा कोण आणि पाहणारा कोण?

प्रश्न : मी न्यू जर्सीत परवाना असलेल्या एका संकेतस्थळावर अगदी लहान रकमेचे पोकर खेळतो. हातात एक्क्यांची जोडी असताना शेवटच्या पानावर, म्हणजे रिव्हरवर, डाव हरण्याचे प्रसंग इतक्या वेळा आले आहेत की पत्ते खरोखर पिसले जातात का, अशी शंका येऊ लागली आहे. माझे मित्र म्हणतात की डाव मोठे व्हावेत म्हणून संगणक मुद्दामच दोघातिघांना एकदम चांगली पाने देतो. यात तथ्य आहे का? माझ्याच डावांच्या नोंदींवरून हे तपासता येईल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. पत्ते यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही ठरावीक क्रमाविना, पडतात का, हा एक. आणि खेळ स्वच्छ आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गणिताने देता येते, दुसऱ्याचे देता येत नाही. म्हणून आधी पहिला घेतो.

बावन्न पत्त्यांचे जितके वेगवेगळे क्रम लागू शकतात, त्यांची संख्या आठावर सदुसष्ट शून्ये दिल्यास जी होईल तिच्या थोडी पुढे जाते. संगणकाच्या हिशेबात हे सर्व क्रम शक्य ठेवायचे, तर प्रत्येक डावासाठी किमान २२६ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक यांतली एक निवड) एवढी अनिश्चितता हाताशी असावी लागते. संगणक स्वतः मात्र अनिश्चित असे काहीच करत नाही. त्याला एक बीजसंख्या द्यावी लागते आणि तिच्यावरून तो ठरलेल्या सूत्राने पुढच्या संख्या काढत जातो. बीज तेच असेल तर पत्त्यांचा क्रमही हुबेहूब तोच येतो. म्हणजे सूत्र कितीही गुंतागुंतीचे असले, तरी बीजे जितकी असतील त्याहून जास्त वेगळे डाव निर्माण होऊच शकत नाहीत.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. ऑनलाइन पोकर अगदी नवे होते तेव्हा, १९९९ साली, एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने आपला खेळ किती निर्मळ आहे हे पटवण्यासाठी पत्ते पिसण्याची आज्ञावली चक्क जाहीर केली होती. प्लॅनेट पोकरसारखी संकेतस्थळे तीच आज्ञावली वापरत. अमेरिकेतील रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या संगणकतज्ज्ञांनी ती वाचली आणि तीत एकावर एक दोष सापडत गेले. बीजसंख्या फक्त ३२ बिटांची होती, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४३० कोटी क्रम शक्य होते. पण ते बीजही मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले यावरून घेतले जात असल्याने ही संख्या ८ कोटी ६४ लाखांवर आली. आपले घड्याळ संकेतस्थळाच्या घड्याळाशी जुळवून घेतल्यावर तर सुमारे दोन लाखच क्रम तपासायचे उरले. हातातली दोन आणि टेबलावर उघडलेली पहिली तीन, अशी पाच पाने कळली की त्यांच्याशी जुळणारा एकच क्रम मिळे. त्या काळच्या साध्या पेंटियम संगणकावर, डाव चालू असतानाच, सर्वांच्या हातांतली आणि अजून न उघडलेली पानेही त्यांना दिसू लागली. त्यांनी हे जाहीर केले आणि कंपनीने आज्ञावली बदलली.

त्याच आज्ञावलीतला दुसरा दोष गणिताची आवड असलेल्या वाचकांना अधिक रंजक वाटेल. तीत प्रत्येक पानाची अदलाबदल गड्डीतल्या कोणत्याही जागेवरच्या पानाशी केली जाई. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. पण तीनच पत्ते घेऊन मोजून पाहावे. अशा अदलाबदलीचे एकूण २७ मार्ग निघतात आणि तीन पत्त्यांचे क्रम असतात सहा. सत्तावीसला सहाने पूर्ण भाग जात नाही, तेव्हा सर्व क्रमांना समान संधी मिळणे अशक्यच. प्रत्यक्षात तीन क्रम चार-चार मार्गांनी आणि उरलेले तीन पाच-पाच मार्गांनी येतात. योग्य रीत अशी की प्रत्येक पायरीवर अजून जागा न ठरलेल्या पानांतूनच निवड करावी. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ सालीच दिली होती आणि १९६४ मध्ये ड्युर्स्टेनफेल्ड यांनी ती संगणकासाठी मांडली. इतकी जुनी, चार ओळींत मावणारी रीत सोडून कोणी नवे काही का रचत बसावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

आज प्रतिष्ठित संकेतस्थळांवर ही चूक राहिलेली नाही. पोकरस्टार्सने जाहीर केलेल्या माहितीनुसार प्रत्येक वेळी २४९ बिट वापरले जातात, म्हणजे लागतात त्याहून जास्तच. आणि ते दोन निरनिराळ्या ठिकाणांहून येतात, एक म्हणजे भौतिक घटनेवर चालणारे उपकरण आणि दुसरे म्हणजे खेळाडूंच्या माउसच्या हालचालींसारख्या बारीकसारीक कृती. दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे एकात दोष निघाला तरी दुसरे अनिश्चितता टिकवून ठेवते.

आता आपल्या एक्क्यांकडे वळू. डावाच्या सुरुवातीलाच एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर उभी राहिली, तर एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. उरलेले १८ टक्के म्हणजे साधारण साडेपाच डावांत एक हार, आणि असे दहा डाव खेळणाऱ्याने त्यांतले चार किंवा अधिक हरण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास निघते. शंभर सचोटीच्या टेबलांवर शंभर जण असे दहा-दहा डाव खेळले, तर त्यांतले नऊजण ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे म्हणत उठतील आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या अनुभवापुरते खरेच असेल. लहान रकमेच्या टेबलांवर आणखी एक गोष्ट घडते. तिथे पुष्कळ जण कसल्याही पानांवर डावात टिकून राहतात. एका अनोळखी हातासमोर एक्के ८५ टक्के जिंकतात. शेवटपर्यंत टिकणारे चार हात समोर असतील तर हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास येते आणि नऊ असतील तर जेमतेम ३१ टक्के राहते. त्यातच पडद्यावर एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात आणि खेळाडू एकाच वेळी दोन-तीन टेबलांवर बसलेला असतो. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव झाले तरी पुष्कळ. दुर्मीळ हार तेवढ्या वेगाने वाट्याला येते, आणि मन हरलेला एक्का जपून ठेवते, जिंकलेला विसरते.

‘मोठे डाव घडवण्यासाठी पाने दिली जातात’ या समजाबद्दल. संकेतस्थळाची कमाई रेकमधून होते, म्हणजे प्रत्येक डावाच्या रकमेतून कापल्या जाणाऱ्या हिश्श्यातून. तो सहसा ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याला कमाल मर्यादा असते. मर्यादा गाठली की डाव कितीही फुगला तरी संकेतस्थळाला एक पैसाही जास्त मिळत नाही. त्यांना हवे असते ते खूप डाव होणे आणि खेळाडू टिकून राहणे. शिवाय व्यावसायिक खेळाडूंकडे लक्षावधी डावांच्या नोंदी साठलेल्या असतात आणि पानांच्या वाटपातला ठळक कल त्यांत लपणे कठीण असते. अर्थात, फायदा नाही म्हणून कोणी लबाडी करणारच नाही, असे सिद्ध होत नाही. लोभी माणूस हिशेबी असतोच असे नाही.

तपासणी आपल्याला घरबसल्या करता येईल. काय मोजायचे ते मात्र नोंदी उघडण्यापूर्वीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. आधी नोंदी चाळून, त्यांत खटकलेली गोष्टच मग मोजली, तर हवे ते सिद्ध होते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. म्हणून २२,१०० हात घ्यावेत; त्यांत ती सुमारे १०० वेळा दिसेल आणि ८० ते १२० यांतली कोणतीही संख्या अगदी सामान्य समजावी. कोणतीही जोडी सतरा हातांत एकदा यावी, तीही मोजता येईल. त्यानंतर ज्या डावांत सर्व पैसे लागून दोघांची पाने उघडली गेली, तेवढे डाव वेगळे काढून, त्या क्षणी आपली जिंकण्याची शक्यता किती होती आणि प्रत्यक्षात किती जिंकलो, यांच्या बेरजा समोरासमोर मांडाव्यात. या तपासणीची ताकदही ओळखून असावे. ८२ टक्क्यांऐवजी कोणी ८१ टक्केच जिंकू देत असेल, तर तो एक टक्क्याचा फरक नुसता संशयास्पद वाटण्यासाठीसुद्धा तशा स्वरूपाचे सुमारे ५,९०० डाव लागतील. हौशी खेळाडूच्या नोंदींवरून ढोबळ फसवणूक पकडता येते. बारीक फसवणूक पकडता येत नाही.

प्रश्न : मग गोव्यातल्या कॅसिनोत डोळ्यांसमोर पिसलेले पत्ते जास्त भरवशाचे मानावेत का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : यादृच्छिकतेपुरते पाहिले तर नाही. बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की गड्डीचे दोन भाग करून एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने बावन्न पत्ते समाधानकारक मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागतात. वेळ वाचवण्यासाठी टेबलावर सहसा त्याहून कमी वेळा पिसले जातात. त्यामुळे मागच्या डावाच्या क्रमाचा काही अंश शिल्लक राहतो. त्याचा फायदा घेणे माणसाला अवघड असते, एवढेच. चांगल्या आज्ञावलीने पिसलेली गड्डी हाताने पिसलेल्या गड्डीपेक्षा निश्चितच अधिक विस्कटलेली असते.

मोठ्या कॅसिनोंत आता पिसण्याची यंत्रेही आली आहेत आणि तीही निर्धोक नाहीत. २०२३ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट या संगणकसुरक्षा परिषदेत संशोधकांनी एका प्रचलित यंत्राच्या यूएसबी जोडणीत छोटेसे उपकरण लावून, यंत्राच्या आतल्या कॅमेऱ्याला दिसणारा पत्त्यांचा संपूर्ण क्रम बाहेर काढून दाखवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी, अशी यंत्रे आतून बदलून खासगी पोकरच्या बैठकांत श्रीमंत खेळाडूंना लुबाडल्याचे आरोप ठेवले. पत्ते चांगले पिसले गेले होते. ते कोणीतरी वाचत होते, असा हा आरोप आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असेल तर खेळ स्वच्छ आहे असे मानायला हरकत नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रमाणपत्र नसण्यापेक्षा असणे बरे, पण ते कशाचे आहे हे वाचावे. आयटेक लॅब्स, गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल यांसारख्या संस्था संख्या निर्माण करणारी आज्ञावली तपासतात, तिने दिलेल्या संख्यांच्या प्रचंड मोठ्या नमुन्यावर संख्याशास्त्रीय कसोट्या लावतात आणि तपासणीच्या दिवशी समोर असलेल्या आवृत्तीबद्दल मत देतात. त्यानंतर संगणकावर काय बसवले गेले आणि त्याला हात लावण्याची मुभा कोणाला आहे, हे प्रश्न त्या कागदाच्या बाहेरचे असतात.

पोकरच्या शेजारचे एक उदाहरण यासाठी फार बोलके आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या सामायिक लॉटरी संघटनेत एडी टिप्टन हा संगणकसुरक्षेचा प्रमुख होता. त्याने सोडतीच्या आज्ञावलीत अशी भर घातली होती की वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना, आठवड्याचा विशिष्ट वार आणि संध्याकाळची वेळ जुळून आली, तरच निघणारे आकडे आधी ओळखता यावेत. एरवी आज्ञावली निर्दोष चाले, त्यामुळे संख्याशास्त्रीय कसोट्यांत काहीच आढळणे शक्य नव्हते. २९ डिसेंबर २०१० च्या हॉट लॉटो सोडतीत १ कोटी ६५ लाख डॉलरचे बक्षीस लागलेले तिकीट त्यानेच विकत घेतले होते. ते बक्षीस हस्तेपरहस्ते मिळवण्याचा संशयास्पद प्रयत्न झाला, म्हणून चौकशी सुरू झाली आणि २०१७ मध्ये त्याला कमाल २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याला पकडले ते दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणामुळे, गणितामुळे नव्हे.

पोकरमधल्या सर्वांत मोठ्या फसवणुकींत तर पत्त्यांच्या पिसणीला कोणी स्पर्शही केला नव्हता. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावर एक खेळाडू इतका अचूक खेळू लागला की इतरांना संशय आला. एका स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागितली, तेव्हा कंपनीकडून नजरचुकीने सर्वच खेळाडूंची झाकलेली पाने असलेली फाइल त्याच्याकडे गेली. त्या नोंदी पडताळताना, सगळ्यांची पाने पाहण्याची सोय असलेले आतले खाते वापरात असल्याचे उघड झाले. पाठोपाठ अल्टिमेटबेट या संबंधित संकेतस्थळावर तोच प्रकार वर्षानुवर्षे चालल्याचे बाहेर आले. कॅनडातल्या कानावाके गेमिंग कमिशन या परवाना देणाऱ्या संस्थेने पोकरचा १९९४ सालचा जागतिक विजेता रस हॅमिल्टन याला मुख्य जबाबदार ठरवले, कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड केला आणि खेळाडूंना सुमारे २ कोटी २० लाख डॉलर परत मिळाले. दोन्ही ठिकाणी सुगावा लावला तो खेळाडूंनी; परवाना देणारी संस्था नंतर आली. २०२३ च्या डिसेंबरात जीजीपोकरनेही कबूल केले की एका खेळाडूने त्यांच्या आज्ञावलीतून निसटणाऱ्या माहितीवरून आपली जिंकण्याची शक्यता ताडून डाव मारले होते.

याखेरीज दोन मित्र फोनवर आपापली पाने एकमेकांना सांगून एकाच टेबलावर खेळू शकतात. समोरचा खेळाडू माणूस नसून आज्ञावली, म्हणजे बॉट, असू शकते. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या पोकर खेळणाऱ्या आज्ञावलीने १,२०,००० डावांत चार व्यावसायिकांना हरवले, तेव्हापासून ही शक्यता हसण्यावारी नेता येत नाही. अशा टेबलांवर पत्ते संपूर्णतः यादृच्छिक पडत असतात. म्हणून मला प्रमाणपत्रापेक्षा हे विचारावेसे वाटते की संगनमत आणि बॉट शोधणारा विभाग या कंपनीकडे आहे का, पकडलेल्यांची रक्कम ती हरलेल्यांना परत करते का, आणि खेळाडूंना स्वतःच्या सर्व डावांच्या नोंदी उतरवून घेऊ देते का. नोंदी न देणाऱ्या ठिकाणी मी बसणार नाही.

प्रश्न : काही संकेतस्थळे ‘सिद्ध करता येणारी सचोटी’ असा दावा करतात आणि डावाआधी अक्षरांची लांबलचक माळ दाखवतात. ती काय असते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पत्ते पिसून झाल्यावर संकेतस्थळ त्या क्रमावरून, एक गुप्त संख्या जोडून, एक ठसा, म्हणजेच ती अक्षरांची माळ, काढते आणि तो आधीच आपल्या हाती देते. ठशावरून क्रम उलगडत नाही. पण डाव संपल्यावर क्रम जाहीर झाला की त्याचा ठसा पुन्हा काढून आधीच्याशी जुळतो का, हे कोणालाही पाहता येते. एकूण व्यवहार लाखेची मोहोर लावून साक्षीदारापाशी ठेवलेल्या पाकिटासारखा आहे. पिसताना खेळाडूने दिलेली संख्याही मिसळली, तर सोयीचा क्रम आधीच निवडून ठेवण्याची वाटही बंद होते.

एकटा खेळाडू आणि कंपनी यांच्यातल्या खेळाला ही युक्ती उत्तम लागू पडते. पोकरमध्ये ती अडखळते, कारण डावानंतर संपूर्ण क्रम उघड केला तर ज्यांनी पाने न दाखवता डाव सोडला त्यांचेही गुपित फुटते, आणि थापा मारता येणे हा तर या खेळाचा प्राण आहे. त्याहून मोठी उणीव अशी की ठसा जुळला म्हणजे पत्ते मधेच बदलले नाहीत एवढेच कळते. ते आतल्या कोणी पाहिले नाहीत, याची हमी त्यातून मिळत नाही. शामीर, रिव्हेस्ट आणि ॲडलमन या तिघांनी १९७९ मध्येच वाटणारा कोणी मध्ये न ठेवता दूर बसलेल्यांना पोकर खेळता येईल अशी रीत मांडली होती; तीत प्रत्येक खेळाडू पत्त्यांवर स्वतःचे गणिती कुलूप घालतो आणि पूर्ण गड्डी कोणालाच दिसत नाही. पाने पाहणाऱ्या आतल्या खात्यावर खरा तोडगा याच दिशेने आहे. मोठ्या संकेतस्थळांनी मात्र आपला मध्यवर्ती संगणक सोडलेला नाही. संगनमत शोधायचे तर त्यांना सर्वांची पाने पाहावी लागतात, हे त्यामागचे एक रास्त कारण आहे.

प्रश्न : भारतातली संकेतस्थळे बंद झाल्यावर आता परदेशी संकेतस्थळांच्या जाहिराती येतात. त्यांवर प्रमाणपत्राचे चिन्हही असते. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ठेवू नये. चिन्ह म्हणजे केवळ चित्र. ते कोणीही उचलून चिकटवू शकतो. चिन्हावर टिचकी मारल्यावर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे, कंपनीचे नाव आणि तारीख असलेले पत्र उघडले नाही, तर ते नसल्यातच जमा धरावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, भारतात देऊ करणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण आपल्याकडून अजूनही पैसे घेणारी कंपनी या कायद्याला न जुमानता घेत आहे, आणि तिने उद्या आपली शिल्लक अडकवली तर येथे दाद मिळणे कठीण आहे. न्यू जर्सीच्या वाचकाला निदान राज्याच्या गेमिंग विभागाकडे लेखी दाद मागता येते.